टेपचा स्वधर्म

१९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीत मॅक्स शेर्मन आणि इयन वॉकर या दोन शास्त्रज्ञांनी एक साधीच चाचणी घेतली. घर गरम किंवा थंड ठेवणारी हवा पत्र्याच्या ज्या नळकांड्यांतून खेळते त्यांना डक्ट म्हणतात. या डक्टांचे सांधे बुजवायला बाजारात जे काही मिळतं ते त्यांनी आणलं. त्यात फॉइलच्या टेपा होत्या, प्लास्टिकच्या टेपा होत्या, लुकणासारखं थापायचं मॅस्टिक होतं आणि अर्थातच डक्ट टेप होती. सांध्यांवर हे सगळं लावून त्यांतून आलटूनपालटून गरम आणि गार हवा सोडली, काही नमुने भट्टीत तापत ठेवले. घरात वर्षानुवर्षं होणारी झीज काही महिन्यांत घडवून आणायची, असा बेत होता. बाकीच्यांनी कमीअधिक तग धरला. साफ हरली ती डक्ट टेप. तिचा रबरी डिंक सुकला, पट्टी आक्रसली, सांधे उघडे पडले. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांतही आता कापडी पाठीची रबरी टेप नुसती लावून डक्ट बंद करायला मनाई आहे.

म्हणजे ज्या कामाचं नाव कपाळावर घेऊन ती फिरते, नेमकं तेच काम तिला जमत नाही. तरीही दुकानांतून ती हद्दपार झाली नाही, कारण ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या डोक्यात डक्ट होते. कुणाला फाटलेली ताडपत्री जोडायची होती, कुणाला मोटारीचा लोंबणारा बंपर घरापर्यंत न्यायचा होता. मुंबई-पुण्यात एसी बसवणारा मेकॅनिकसुद्धा तिच्या वाटेला सहसा जात नाही. तांब्याच्या नळ्यांभोवती तो बिनडिंकाची पांढरी पीव्हीसी टेप गुंडाळतो, आणि मोठ्या इमारतींतल्या डक्टांना ॲल्युमिनियम फॉइलची टेप लागते.

या रुपेरी गुंडाळीच्या निमित्ताने तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा उकरून काढता येतो. वस्तूचं प्रयोजन राहतं कुठे? घडवणाऱ्याच्या मनात, वस्तूच्या अंगात, की वापरणाऱ्याच्या हातात? प्रश्न दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. त्याला हात घालणारे बरेचसे विचारवंत वस्तूंपासून सुरुवात करून माणसांवर येऊन थांबले आहेत.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात एका सुरीचा उल्लेख केला. ही डेल्फीची सुरी, एकाच पात्यात अनेक कामं उरकणारी. ॲरिस्टॉटलला ती पसंत नव्हती. असली सुरी घडवणाऱ्या लोहारांसारखा निसर्ग हात आखडता घेत नाही, तो प्रत्येक गोष्ट एकाच कामासाठी घडवतो, आणि एकाच कामासाठी असलेलं अवजार ते काम सर्वांत चांगलं करतं, असं त्याचं म्हणणं. त्याच भागात पुढे तो पायताणाचं उदाहरण घेतो. पायताण पायात घालता येतं आणि त्याच्या बदल्यात दुसरी वस्तूही मिळवता येते. दोन्ही उपयोग पायताणाचेच, पण पहिला त्याचा खास, दुसरा नव्हे, कारण पायताण काही अदलाबदलीसाठी बनवलेलं नसतं.

त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, झाँ-पॉल सार्त्रने पॅरिसमधल्या एका गाजलेल्या व्याख्यानात पुन्हा सुरीच काढली, या खेपेला कागद कापायची. कारागिराच्या मनात आधी तिची कल्पना असते, ती कशासाठी हे ठरलेलं असतं, मग ती बनते. उपयोग ठाऊक नसताना कुणी कागदसुरी बनवायला बसत नाही. माणसाचं तसं नाही, असं सार्त्र म्हणाला. माणूस आधी असतो, आणि आपण कोण हे मागाहून आपल्या कृतींनी ठरवतो. माणसाबद्दल ॲरिस्टॉटल आणि सार्त्र दोन टोकांना आहेत. वस्तूंबद्दल मात्र दोघांचं न बोलता एकमत आहे, की बनवलेल्या वस्तूचं काम ठरलेलं असतं.

डक्ट टेप या एकमतालाच सुरुंग लावते.

१९४३ मध्ये ती आली ती दारूगोळ्याच्या पेट्यांवर. अमेरिकी सैन्याला पाणी आत जाऊ न देणारी आणि चटकन ओढून काढता येणारी कापडी टेप हवी होती. वैद्यकीय चिकटपट्ट्या बनवण्याचा अनुभव असलेल्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे ते काम गेलं. रंग सैनिकी हिरवा. पेटी उघडली की टेपचं काम खरं तर संपायचं, पण आघाडीवरच्या जवानांनी तिला जीपवर, तंबूंवर, बुटांवर, सामानसुमानावर लावायला सुरुवात केली. युद्ध संपलं, घरबांधणीची लाट आली, गरम हवेचे पत्र्याचे डक्ट घरोघर बसू लागले. टेपला पत्र्याशी मिळताजुळता रुपेरी रंग चढला आणि नवं काम मिळालं. त्या कामात ती नापास आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. तोवर लोकांनी तिला परस्पर शेकडो कामांना जुंपलं होतं, आणि ती कामं कुठल्याही कारखान्याच्या कागदावर कुणी लिहून दिली नव्हती.

पट्टी हातात घेऊन पाहिली की हे कसं जमलं ते कळतं. वरची पाठ पॉलिथिलीनची, पाणी अडवणारी. मधे सुताची विरळ जाळी. खाली रबरावर आधारलेल्या डिंकाचा जाड थर. पट्टीची कड दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून एक हात पुढे, एक मागे असा झटका दिला की ती चर्रकन आडवी फाटते, कात्री लागत नाही, कारण जाळीचे आडवे धागे फाटीला सरळ वाट देतात. तीच पट्टी लांबीच्या दिशेने ओढली तर उभे धागे ताण घेतात आणि ती सहजी हार मानत नाही. डिंक जाड असल्यामुळे खडबडीत लाकूड, कॅनव्हास, गंजका पत्रा यांच्या बारीक खाचांत तो शिरतो. कागदाची चिकटपट्टी तिथे नुसती टेकून राहते. मात्र हेच थर तिच्या मर्यादाही ठरवतात. उष्णतेने रबरी डिंक म्हातारा होतो, उन्हाने पॉलिथिलीनला भेगा पडतात, आणि धूळ, तेल किंवा ओल असेल तर डिंकाला धरायला काही सापडतच नाही.

महाराष्ट्रात बहुतेक घरांतून खोक्यांची खाकी टेप, वायरमनची काळी इन्सुलेशन टेप आणि एम-सील यांचंच राज्य आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सॅकमध्ये मात्र डक्ट टेप असते. अख्खी गुंडाळी सहसा कुणी नेत नाही. पाण्याच्या बाटलीवर किंवा काठीवर चार-पाच वेढे मारून ठेवले की झालं. वर्षभर कपाटात पडलेल्या ट्रेकिंग बुटांचा तळ ऐन चढणीवर उलगडतो, तेव्हा ती बाहेर येते. दोष असतो तळव्यातल्या पॉलियुरेथेनचा. दमट हवेत पडून राहिलं की पाण्याच्या अंशाने त्याचे रासायनिक दुवे तुटत जातात, त्यामुळे जपून ठेवलेला बूट रोजच्या बुटाआधी दगा देऊ शकतो. जाणते लोक अशा वेळी घाई करत नाहीत. आधी चिखल खरवडून बूट फडक्याने कोरडा करतात. मग एक पट्टी तळव्याच्या कमानीखालून घेऊन नाडीवरून दोनदा फिरवतात आणि दुसरी चवड्याभोवती. चवड्यावरची पट्टी उभी फाडून अर्ध्या रुंदीची करतात, कारण ओल्या कातळावर टेपची गुळगुळीत पाठ घसरते आणि बुटाच्या जितक्या खाचा उघड्या राहतील तितकं बरं. एवढ्या बांधणीवर गडाचा पायथा गाठता येतो. पुढच्या रविवारी तोच बूट तसाच घालून निघणाऱ्याला मात्र कुणी सोबत घेत नाही.

घरातले उपयोग याहून साधे आहेत, पण प्रत्येकात थोडी अक्कल लागते. ताडपत्रीला ठिगळ दोन्ही बाजूंनी लावायचं आणि त्याचे कोपरे कात्रीने गोल करायचे, कारण वाऱ्याने आधी उचकटतो तो टोकदार कोपरा. खिडकीची तडकलेली काच काढण्याआधी तिच्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या मारल्या की तुकडे अंगावर न पडता एकत्र निघतात. बरणीचं झाकण हटून बसलं तर कडेला टेपचा वेढा देऊन लांब शेपूट सोडायचं आणि ते ओढायचं. ओल्या हाताला न मिळणारी पकड टेपला मिळते. पट्टी लांबीत दुमडून चिकट बाजू आत घेतली की पट्टा होतो, आणि अशा तिनांची वेणी घातली की सामान बांधायला दोर. पँटची उसवलेली घडी मुलाखतीपुरती आतून चिकटवता येते. डासांच्या जाळीचं भोक, सुटकेसची फाटकी कड, बागेतल्या पाइपाची चीर, बादलीची तड, यादी संपत नाही. अमेरिकेत २००१ पासून एका टेप कंपनीची स्पर्धा भरते. तिच्यात शाळकरी मुलंमुली समारंभाचे झुळझुळीत पोशाख टेपमधून बनवतात आणि शिष्यवृत्ती मिळवतात.

यादीची दुसरी बाजूही पाठ असायला हवी. गॅसची नळी, चालू विजेची तार, दाबाखालचा नळ, तडा गेलेलं हेल्मेट, ज्यावर माणसाचं वजन येणार असा दोर, यांपैकी कशालाही ती लावायची नाही. भिंतीच्या रंगावर आणि लाकडाच्या पॉलिशवर ती डिंकाचा चिकट डाग ठेवून जाते. तो खोबरेल तेलाच्या किंवा रॉकेलच्या बोळ्याने रगडून काढावा लागतो. नाटक-सिनेमावाले जमिनीवरच्या वायरी दाबायला गॅफर टेप वापरतात ती म्हणूनच. तिची पाठ कापडी असते, दिव्यात चमकत नाही, आणि उचलली की मागे काही उरत नाही.

या सगळ्यात प्रयोजन कुठे दिसलं? सांख्यांना विचारलं तर ते म्हणतील, वस्तूच्या बाहेर. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाचं, म्हणजे चैतन्यतत्त्वाचं, अस्तित्व सिद्ध करताना एक युक्तिवाद येतो, की जे जे अनेक भागांच्या जुळणीतून बनतं ते दुसऱ्या कुणासाठी असतं. भाष्यकार पलंगाचं उदाहरण देतात. पलंगाचे पाय, विणलेली पट्टी, अंथरूण, उशी ही काही एकमेकांची सोय पाहत नाहीत, आणि पलंग स्वतःवर झोपत नाही. झोपणारा वेगळाच असतो. पॉलिथिलीन, जाळी आणि डिंक यांची जुळणी असलेली टेप या व्याख्येत चपखल बसते. ती परार्थ आहे. मात्र हा दुसरा कोण आणि त्याला तिच्याकडून काय हवं, हे तिच्या अंगावर लिहिलेलं नाही. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषिताने ही उणीव भरून काढली. अक्षर, झाडाची मुळी आणि माणूस यांपैकी काहीच कुचकामी नसतं, विरळा असतो तो त्यांची योजना करणारा, असा त्याचा आशय आहे.

असा योजक एप्रिल १९७० मध्ये ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात होता. अपोलो १३ चंद्राच्या वाटेवर पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटरवर असताना त्यातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. जिम लोव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ यांनी चांद्रयानात आसरा घेतला. ते यान दोन माणसांना दोन दिवस पुरेल असं बनवलेलं, आता त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे अपुरे पडू लागले. मुख्य यानात जादा डबे होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली व्यवस्था गोल डब्यांची. एड स्मायली या अभियंत्याच्या तुकडीने यानात जे सामान असल्याची खात्री होती तेवढंच टेबलावर घेतलं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, उड्डाणाच्या वह्यांची जाड पुठ्ठ्याची वेष्टनं होती, अंतराळपोशाखाच्या नळ्या होत्या आणि करड्या टेपची गुंडाळी होती. जुळणी कशी करायची ते रेडिओवरून वाचून दाखवण्यात आलं. त्यात एक सूचना अशी, की सुमारे तीन फुटांच्या, म्हणजे हातभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या आणि चौकोनी डब्याभोवती वर एक, खाली एक असे दोन पट्टे करा, चिकट बाजू बाहेर ठेवून. त्या चिकट पट्ट्यांवर पिशवी बसवायची होती. जुळणी लागू पडली, हवेतला विषारी वायू उतरला, आणि १७ एप्रिलला तिघं प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रॉसने १९६२ च्या आपल्या ग्रंथात विचार करण्याच्या दोन रीती मांडल्या होत्या. एक अभियंत्याची. आधी योजना ठरवायची, मग तिला लागणारं सामान मिळवायचं. दुसरी हाताशी असेल त्यावर निभावून नेणाऱ्या हरहुन्नरी माणसाची. सामान आधीच ठरलेलं, योजना त्याच्याशी बोलून ठरवायची. अशा माणसाच्या साठ्यातली प्रत्येक वस्तू आधी कशाचा तरी भाग असते आणि ती ओळख पूर्णपणे पुसता येत नाही, असंही त्याने नोंदवलं. ह्यूस्टनचे लोक पेशाने पक्के अभियंते होते. त्या रात्री त्यांनी दुसरी रीत पत्करली, आणि वहीचं वेष्टन जाड पुठ्ठ्याचं होतं म्हणूनच ते कामी आलं.

इथवर येऊन कुणीही सहज म्हणेल की ठरलं तर, प्रयोजन वापरणाराच ठरवतो. अपोलो १३ नंतर अडीचेक वर्षांनी चंद्राने त्याचंही उत्तर दिलं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चा युजीन सर्नन चांद्रगाडीजवळून जाताना त्याच्या पोशाखाच्या खिशातला हातोडा मागच्या चाकाच्या मडगार्डला अडकला आणि मडगार्डाचा तुकडा निखळला. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे चाकाने उडवलेली धूळ लांब कमान करत थेट माणसांवर आणि यंत्रांवर पडते. काळी धूळ ऊन शोषते, उपकरणं तापतात. सर्ननने टेप काढली. वर्षभर गॅरेजमध्ये घालवलेल्या कुठल्याही माणसाने केलं असतं तेच केलं, पण सगळीकडे बसलेल्या त्या बारीक धुळीवर टेप धरेना, आणि कशीबशी बसवलेला तुकडा पहिल्याच फेरीत गळून पडला. दुसऱ्या दिवशी त्याने आणि हॅरिसन श्मिटने प्लास्टिकचं आवरण असलेले चार नकाशे यानाच्या आत, जिथे धुळीचा त्रास कमी होता तिथे, टेपने एकमेकांना जोडले आणि तो जोड गाडीला चिमट्यांनी पकडवला. टेपने कागदाशी कागद जोडला, धुळकट मडगार्डाशी चिमट्याने निभावलं. ते नकाशे आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

जमिनीवरही टेपला असेच नकार ऐकावे लागले. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात चामखिळींवर टेप लावून ठेवल्याने ८५ टक्के रुग्णांच्या चामखिळी गेल्या, तर गोठवण्याच्या उपचाराने ६० टक्क्यांच्या, असं आढळलं. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. २००६ आणि २००७ मध्ये टेपची तुलना साध्या आवरणाशी करून पाहिली तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. भाविकांचा विश्वास कितीही दांडगा असला तरी चामखीळ आपल्या वेळेनेच जाते.

वापरणाऱ्याचा शब्द शेवटचा मानला तर काय होतं, याचा नमुना २०१९ च्या डिसेंबरमध्ये मायामीच्या कला प्रदर्शनात भिंतीवर होता. मॉरिझिओ कातेलान या इटालियन कलावंताने एक केळं करड्या टेपच्या पट्टीने भिंतीला चिकटवलं आणि त्याला ‘कॉमेडियन’ असं नाव दिलं. किंमत १,२०,००० डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली. घेणाऱ्याच्या हाती खरं तर एक प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना आल्या. केळं त्याने नंतर पत्रकारांसमोर खाऊन टाकलं. केळंही बदलता येतं, टेपही. इथे प्रयोजन निव्वळ घोषणेने जन्माला आलं, असं म्हणावंसं वाटतं. पण त्या सूचनांप्रमाणे केळं लावणाऱ्या कर्मचाऱ्याला पट्टी भिंतीवर दाबून बसवावीच लागते, आणि भिंत ओली असेल तर ६२ लाख डॉलरही तिला धरून ठेवत नाहीत.

तेव्हा वस्तूपुरतं उत्तर साधारण असं दिसतं. प्रयोजन गरज, गुण आणि योजक या तिघांच्या भेटीत ठरतं, आणि त्यातल्या गुणाला कायम नकाराधिकार असतो. नाव, जन्म, पहिला मालक यांना फारसं मत नसतं. खरी अडचण सुरू होते ती हा विचार माणसाला लावायला गेल्यावर.

गीतेने तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत स्वधर्माची थोरवी सांगितली आहे. आपला धर्म उणादुणा वाटला तरी तोच बरा, दुसऱ्याचा कितीही चांगला साधला तरी नको, असा तिथला कल. त्या हिशेबाने टेप ही परधर्मावर जगणारी म्हणायची, कारण डक्टचा स्वधर्म तिला झेपला नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत, जी साने गुरुजींनी टिपून घेतली, स्वधर्म शोधत फिरावा लागत नाही असं सांगितलं. माणूस आई निवडत नाही, तसाच तो जन्मासोबत आलेला असतो. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी भाषण लिहिलं. अधिवेशन रद्द झालं आणि ते भाषण त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापलं. जातिव्यवस्था म्हणजे कामाची विभागणी असं म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावलं, की ही काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. वर्ण जन्मावर नसून गुणावर आहेत, असा बचाव करणाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. मग जुनी चार नावं हवीत कशाला, असा त्यांचा सवाल होता. प्लेटोने समाजाचे तीन वर्ग पाडले, त्याचीही चूक त्यांनी दाखवली. माणसांच्या प्रवृत्ती इतक्या नाना प्रकारच्या असतात की त्यांना तीन किंवा चार कप्प्यांत कोंबणं म्हणजे माणूस न ओळखणं होय.

डेल्फीच्या सुरीचा उल्लेख ॲरिस्टॉटलने नेमका कुठे केला, हे पाहिलं की आंबेडकरांचा हा राग किती जुन्या जागी लागतो ते समजतं. सुरीबद्दल बोलणं हा त्याचा हेतूच नव्हता. स्त्री आणि गुलाम या निसर्गतःच दोन वेगळ्या कामांसाठी घडवलेल्या गोष्टी आहेत, हे पटवताना त्याने ती सुरी पुढे केली. एका वस्तूला एकच काम हा नियम त्याने अवजारांच्या दुकानातून उचलला आणि सरळ घरातल्या माणसांवर बसवला. पुढे तो असंही म्हणतो, की गुलामाकडे सारासार विचाराची शक्ती नसते, स्त्रीकडे असते, पण तिला अधिकार नसतो.

डक्ट टेपची कल्पना मांडणारी व्यक्ती एक कामगार स्त्री होती. व्हेस्टा स्टाउट १९४३ मध्ये इलिनॉय राज्यातल्या ग्रीन रिव्हर दारूगोळा कारखान्यात रायफल-ग्रेनेडच्या काडतुसांची तपासणी आणि बांधणी करत होत्या. त्यांचे दोन मुलगे नौदलात होते. काडतुसांच्या पेट्या पातळ कागदी टेपने बंद करून मेणात बुडवत, आणि ओढून उघडण्यासाठी टेपचं एक टोक मोकळं सोडत. ते टोक ओढलं की हातात यायचं आणि पेटी बंदच राहायची. गोळीबारात सापडलेला जवान ती नखांनी खरवडत बसेल, हे स्टाउटबाईंना दिसत होतं. कागदाऐवजी पाणी न शोषणारी मजबूत कापडी टेप लावा, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. कल्पना चांगली आहे असं सगळे म्हणाले, आणि काहीच हललं नाही. १० फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांनी आकृत्या काढून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. पत्र युद्ध उत्पादन मंडळाकडे गेलं, आणि मार्च संपण्याच्या आत सूचना मान्य झाल्याचं उत्तर आलं. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ने त्यांना युद्धकामगारांसाठीचा पुरस्कार दिला.

ॲरिस्टॉटलची बाजू घेणारा इथे म्हणू शकतो, की बुद्धीने वागणं हेच माणसाचं विशेष काम असं त्यानेही आपल्या नीतिशास्त्रात लिहून ठेवलं आहे, आणि स्टाउटबाईंनी तेच केलं. म्हणणं खोटं नाही. मग त्या कामाची वाटणी करताना त्याने अर्ध्याअधिक माणसांना वगळलं कसं, आणि कारखान्यातल्या ज्या वरिष्ठांनी कधी ॲरिस्टॉटल वाचलाही नसेल त्यांच्याही अंगात ती वाटणी इतकी मुरली कशी, याचा हिशेब त्याला द्यावा लागेल.